कॉलरवरचा पांढरा चौकोन

अ‍ॅक्रन, १४ मार्च

लाडक्या ओडीलला ताईचा एक गोड पापा,

लेकीकडे मी मजेत आहे. मारिएलचा खोकलाही कमी आहे, निदान ती तसं म्हणते. तुझा गुडघा कसा आहे? रिमुस्कीत बर्फ वितळला का?

मारिएलच्या कारखान्यात कार्बनची पूड वापरतात. ती इतकी बारीक असते की थेट फुप्फुसाच्या तळाशी जाते. कामगारांच्या श्वासात किती जाते हे मोजायला गेल्या महिन्यात एक तपासनीस बाई आली. तिने मारिएलच्या कॉलरला हवा ओढणारं यंत्र लावलं. अहवाल आला, हवा स्वच्छ!

मंगळवारी भांडी घासताना मारिएल सहज म्हणाली, "पिशव्या ओतताना ते यंत्र मी खिळ्याला टांगते. नळी मध्ये येते ना."

"अगं, पूड तर तेव्हाच उडते!"

"सगळेच टांगतात, आई. मुकादमच सांगतो. आता तू कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरसारखी पट्टी काढू नकोस."

पट्टी नाही, मी फोन काढला आणि त्या तपासनीस बाईला कळवलं. सिस्टरांनी माझी बोटं सोलली, ती असली लबाडी मुकाट्याने बघायला नव्हे. आज ती बाई परत आली, यंत्र पुन्हा कॉलरला लावलं आणि ओतणं संपेपर्यंत मारिएलशेजारी उभी राहिली.

निकालाला तीन आठवडे आहेत. "नोकरी गेली तर तुझ्यामुळे," एवढंच बोलून मारिएल खोलीत गेली.

तिचा आजचा शर्ट धुवायला घेतला, तर कॉलर काळी. यंत्राच्या चिमट्याखालचा चौकोन तेवढा पांढरा. ओडील, मी तो शर्ट धुतला नाही. पिशवीत बंद करून ठेवलाय.

रविवारी तिच्यासाठी एक मेणबत्ती लाव. जिना जपून उतर.

तुझी ताई,
जॉर्जेट