रुपया म्हणजे चांदी

गुरुजी, बाचं नाव तुमच्याजवळ साफ करायचं राहून गेलं आहे, पण आधी थोडं भांडते. अहेरीच्या शाळेत पाढे घ्यायचे सोडून तुम्ही रुपयाचं नाव कुठून आलं ते कशाला सांगत बसलात? रूप्य म्हणजे छाप मारलेली चांदी. दिल्लीच्या एका पठाण बादशहानं आपल्या चांदीच्या नाण्याला ते नाव दिलं, आणि मग ते नेपाळ, सिलोन, पार समुद्रापलीकडे जावापर्यंत गेलं. तुम्ही नकाशावर छडी फिरवत होता आणि मी, लाकूडतोड्याची पोर, आ वासून बघत होते. "आता त्यात चांदी नाई, नाव तेवढं राह्यलं," म्हणून तुम्ही हसलात.

घरी जाऊन मी बाला तेच सांगितलं. तेव्हा नवे पैसे नुकतेच आले होते, सोळा आण्यांचा मेळ मोडला होता, आणि ठेकेदाराचा माणूस मजुरी देताना रोज कोणाला तरी बनवत होता. शनिवारी आलापल्लीच्या सागाच्या कटाईवर मी शिदोरी घेऊन पोचते, तर बा सगळ्यांसमोर उभा. "हा गिलटचा हाय. रुपया म्हंजे चांदी. मले चांदीचा दे." बाकीच्यांनीही कुऱ्हाडी खाली ठेवल्या. मग काय विचारता! ठेकेदाराच्या चौघांनी बाला ओंडक्यावर पालथा पाडला, कुऱ्हाडीच्या दांड्यानं पाठ फोडली. "कोणं शिकवलं तुले? बोल!" बा बोलेना. त्यांनी त्याचा पंजा ओंडक्यावर दाबून एक बोट ठेचलं, मग दुसरं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

सोमवारी ते शाळेत आले. तुम्हाला फळ्यापासून ओढत अंगणात आणलं, आमच्यादेखत तुडवलं, आणि खडूचा हात कोपरात मोडला. पुढे तुम्ही डाव्या हातानं वाकडीतिकडी अक्षरं काढायचात. एकदा मला थांबवून म्हणालात, "तुह्या बापाले दोष नाई देत मी, पोरी. एवढा मार पडल्यावर कोणीबी नाव घेते." मी नुसती मान हलवली. मेली माझी जीभ! बा ते ओझं घेऊनच गेला, तुम्हीही गेलात, आणि गाव अजून म्हणतं, मास्तराचं नाव त्या मजुरानं सांगितलं. एवढं लिहायला मला म्हातारं व्हावं लागलं, आणि पाठवू कुठं?

बानं तोंड उघडलंच नव्हतं, गुरुजी. त्यांनी तिसरं बोट धरलं, तेव्हा मी ओरडले, "गुरुजीनं!"