स्टिअरिंगवरून उचललेलं बोट

मिलर्स फोर्क, नेब्रास्का
६ ऑक्टोबर १९९६

ति. अल्बिनाताईस,
एमिलचा कृ. सा. न. वि. वि.

उत्तराला फार उशीर झाला, माफ कर. तुझं पत्र आलं तेव्हा मका गुडघ्याएवढा होता, आता कापणी चालू आहे. लिहायला बसलो की अक्षरं रेघ सोडून खाली घसरतात. वय झालं, दुसरं काय.

आपल्या गावच्या ओटोची बायको ब्लांच गेली हे तुला कळलंच असेल. मला चर्चला पोचायला उशीर झाला आणि सगळे दफनभूमीकडे निघून गेले. वाटेत चौकात जरा गोंधळ झाला. आमची गाडी अंत्ययात्रेच्या मधेच शिरली. नात मार्नी अजून गाडी शिकतेय, लोक समजून घेतील. तिची आई रीटा दवाखान्यात रात्रपाळी करून दिवसा झोपते, म्हणून लेकीच्या शेजारी परवानेवाला माणूस म्हणून मीच बसतो.

आता पोरीची परीक्षा जवळ आली. माझाही परवाना संपतोय. त्या यंत्रात डोळे घालून अक्षरं वाचायची असतात, त्या विचाराने जेवण जात नाही. तुला काय, तू शहरात बसने फिरतेस.

दुरून केलेल्या नमस्काराला जवळचा मान.
तुझा एमिल

लिंकन
१२ ऑक्टोबर

चि. एमिल यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आधीच रोझीचा फोन आला होता. आपली ही चुलत बहीण काही पोटात ठेवते का! म्हणाली, एमिलच्या नातीने कहर केला, समोरून शववाहिका येतेय, मागे दिवे लावलेल्या गाड्यांची रांग, आणि ही कडेला थांबायची सोडून मधे घुसली. वर शववाहिकेकडे बघून जत्रेला निघाल्यासारखं स्टिअरिंगवरून बोट उचललं म्हणे.

माझं डोकं फिरलं. मार्नीला असं पत्र लिहिलं की कागद जळावा. उलट टपाली एकच ओळ आली. चुकलं आजी, पुन्हा होणार नाही.

पण एमिल, त्या बोटाचं मला काही उमगेना. समोरून गाडी आली की बोट उचलून रामराम करायची सवय आपल्या बाबांची, आणि त्यांच्यामागे तुझी. हल्लीची पोरं कशाला करतात? रीटा तर सांगते की पोरगी दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरते, जसं कुणी हिसकावून नेणार आहे. मग बोट कुणाचं होतं?

थोरल्या बहिणीला खरं लिही. आशीर्वाद आहेतच, ते कुठे जात नाहीत.
अल्बिना

मिलर्स फोर्क
१७ ऑक्टोबर

ति. ताईस कृ. सा. न.

बोट माझं होतं. गाडी मीच चालवत होतो.

ताई, दोन वर्षं झाली, समोरच्या गाडीत कोण आहे ते मला दिसत नाही. ओळख दिली नाही तर लोक म्हणतील एमिल माजला. म्हणून जे दिसेल त्याला बोट उचलतो. मागे एका टपालपेटीला उचललं तर मार्नी हसून हसून लोळली. त्या दिवशी तिने ओरडून सांगितलं की आजोबा थांबा, थांबा, सगळ्यांचे दिवे लागलेत. मला वाटलं, बाजाराला चाललेत शेजारी. प्रत्येकाला बोट उचलत गेलो. कळलं तेव्हा थांबायचं धैर्य झालं नाही, सरळ घरी आलो.

पुढे ओटो दुकानात भेटला. त्याने नुसतं विचारलं की पोरगी चालवत होती का रे. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. टोपी काढली आणि म्हणालो की लहान आहे, ओटो. मार्नी बाजूलाच पिठाची पिशवी धरून उभी होती. घरी आल्यावर तिने एवढंच विचारलं की आजोबा, बटाटे अजून वाढू का.

आता शाळेत ती दिसली की पोरं शववाहिका आल्यासारखी कडेला होतात आणि टोप्या काढून माना खाली घालतात. रीटाने हे मला हसत सांगितलं. तिलाही खरं ठाऊक नाही.

खरं बोललो तर परवाना जाईल आणि पोरीच्या शेजारी कोण बसेल, असं मनाला सांगत होतो. ते खोटं आहे. कुणी नेईल का म्हणून खिडकीत टोपी घालून बसणारा म्हातारा मला व्हायचं नाही.

या पत्रानंतर लोभ उरला तर ठेव.
एमिल

लिंकन
२१ ऑक्टोबर

चि. एमिल यास आ.

मार्नीची मी पत्राने माफी मागितली. तुझ्या वाटची तू माग. रोझी म्हणते, मंगळवारी, २९ तारखेला, ओटोही परवाना नवा करायला कोर्टातल्या परवाना-कचेरीत येणार आहे. खिडकीतल्या म्हाताऱ्यांना मी इथे रोज बघते. त्यांना कुणी हसत नाही. पोरीला मात्र हसतात.

रागावलेली, तरी तुझीच,
अल्बिना

मिलर्स फोर्क
३० ऑक्टोबर

ति. ताईस कृ. सा. न. वि. वि.

काल कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर आम्ही तिघं होतो. मी, मधे मार्नी, पलीकडे ओटो. मार्नीला नमस्कार न करता तो भिंतीकडे बघत होता. मी उठून त्याच्यासमोर उभा राहिलो आणि सांगितलं की ओटो, त्या दिवशी गाडी मी चालवत होतो, ही मला थांब म्हणत होती. आवाज नको तेवढा मोठा निघाला. रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. माझ्या कानशिलात आग झाली, ती अजून विझली नाही.

ओटोने हातातली टोपी फिरवली. मग म्हणाला की ब्लांचने लगेच ओळखलं असतं. तुझी गाडी दिसली की ती मला म्हणायची, कडेला घ्या हो, एमिल आला. एवढं बोलून तो आत गेला. रागावला की नाही, कळलं नाही.

यंत्राशी बसलेल्या बाईंनी ओळ वाचायला सांगितली. मी म्हटलं, राहू द्या बाई, मला मधोमध राखाडी ठिपका दिसतो. त्यांनी परवाना ठेवून घेतला. रिकामं पाकीट खिशात फार हलकं लागतं गं. मार्नी मात्र पहिल्या झटक्यात पास झाली.

येताना तीच चालवत होती, मी शेजारी, त्या दिवशीच्या तिच्या जागेवर. गावाच्या वळणावर समोरून एक गाडी धूळ उडवत गेली. मार्नी म्हणाली की ओटोआजोबा होते, त्यांनी बोट उचललं. मी विचारलं, कुणाला? ती म्हणाली की तुम्हालाच, अजून कुणाला.

मला फक्त धूळ दिसली, ताई. आणि ही पोरगी माझ्यासाठी एकदा खोटं लिहून बसलेली आहे. तिला पुन्हा विचारायचं तोंड मला नाही. तू रोझीला सांगून ओटोकडून काढून घे, त्याने खरंच बोट उचललं का. नसेल उचललं तरी खरं तेच लिही.

टपालपेटीपर्यंत आता मार्नी मला रोज संध्याकाळी नेणार आहे. मी खिडकीत टोपी घालून तयार असेन. लवकर कळव.

तुझा,
एमिल