ताईच्या टेकडीवरचा धूर

जेराताईस धाकट्या श्पेलाचा वाकून नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? गाश्पर भावजींचा खोकला? आम्ही इकडे ठणठणीत आहोत, म्हणजे मंगळवारपर्यंत होतो. (पत्र पाद्रीबाबा लिहून देताहेत, म्हणून शब्द जपून वापरते आहे.)

मंगळवारी दुपारी तुमच्या टेकडीवर धूर दिसला. आता तुमचा धूर दिसला की तुर्की घोडेस्वार आले समजून आम्ही आमचा लाकडांचा ढीग पेटवायचा, यासाठीच तर दोघींच्या नवऱ्यांना पहाऱ्याच्या झोपड्या मिळाल्या आहेत. पण आमचा नवरा मातेव्झ जागचा हलेना. म्हणाला, "तुझी ताई नासपती सुकवत असेल!" मी म्हटलं, "इशाऱ्याच्या टेकडीवर भट्टी लावू नये, एवढी अक्कल माझ्या ताईला नाही होय?" आणि स्वतः जाऊन ढीग पेटवला. (अकलेबद्दलचं बोलणं तूर्त मागे घेते.) सगळं खोरं गाई-डुकरांसकट दोन दिवस चर्चमध्ये कोंडून बसलं. एका डुकराने वेदीवरच्या मेणबत्त्या खाल्ल्या. तुर्क आलेच नाहीत. किल्ल्यावरचे स्वार आले, ते गावची वाईन संपवून गेले. आता शनिवारी किल्लेदार चौकशीला येतोय. जाळ खोटा ठरला तर आमची झोपडी गेली, आणि थंडी तर तोंडावर आली आहे.

तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळतो आहे. तो धूर मला जरा गोडसरच वाटला होता. आईच्या फळं सुकवायच्या वेताच्या चाळण्या तू हट्टाने नेल्यास, त्या कशासाठी? शिवाय ईस्टरला मातेव्झ तुझ्या पावाला दगड म्हणाला, ते तू विसरली नसणारच. मी सख्ख्या बहिणीवर संशय घेत नाही गं. फक्त विचारते, मंगळवारी चाळण्या कुठे होत्या?

तुझीच (अजून तरी),
श्पेला

ता. क. मंगळवारी तुम्हाला तुर्क दिसले होते, असं किल्लेदाराला कळवशील ना? फार नकोत. दोन पुरेत, तेही लांबून.

ता. क. २ आत्ता पुन्हा तुमच्याकडे धूर! मातेव्झ पोट धरून हसतोय. या वेळी मी मुळीच पेटवणार नाही.

ता. क. ३ पेटवला. तुझ्या टेकडीवर धूर असताना माझ्याने बसवेना. स्वार तिकडे निघतील, पहिल्याच्या हाती हे पत्र देते. नासपतीच असतील तर एक टोपली आमच्यासाठी राख, कारण झोपडी गेल्यावर आम्ही तुझ्याकडेच येणार आहोत. पाद्रीबाबा घंटा बडवायला उठताहेत, एवढंच लिहून घेते. ताई, नासपती नसतील, तर चाळण्या तिथेच टाक आणि पळ. गुडघा दुखला तरी पळ.