चेहरा नंतर लिहीन

३ जून, तिरुवल्लिकेणी

पोचलो एकदाचा. बार्शीचा माणूस चेन्नईला राहायला निघाला म्हटल्यावर धाकटा भाऊ म्हणाला होता, आगीतून फुफाट्यात चाललास. खोटं नाही. दुपारी शर्ट अंगाला चिकटतो तो चिकटतोच. पण चारच्या सुमारास समुद्राकडून वारा सुटतो आणि मग सगळ्या गावाला माफ करावंसं वाटतं.

घर एकोजीरावांचं. तंजावरकडचे मराठी, माझ्यासारखेच निवृत्त मास्तर, सत्तरी ओलांडलेले. त्यांचं मराठी ऐकलं की वाटतं एखादी बखर लुंगी नेसून समोर बसली आहे. त्यांच्या लोकांतल्या मुलांना मराठी बोलता येतं थोडंफार, वाचता येत नाही. त्यांच्यासाठी एक छोटं वाचनाचं पुस्तक करून द्यायचं, सहा महिन्यांत. बदल्यात वरची खोली आणि दोन वेळचं जेवण. त्यांच्या पत्नी कामाक्षीबाईंनी जेवणाच्या पहिल्याच पानावर विचारलं की रसम तिखट तर नाही ना झालं. बार्शीकराला हे विचारतात! मी दोन वाट्या मागून घेतल्या आणि डोळे पुसत हसलो.

त्यांची नात कीर्तना अंबत्तूरला एका आयटी कंपनीत आहे. तमिळ फाडफाड, इंग्रजी त्याहून. मराठी मात्र एकेक अक्षर लावत वाचते. तीच माझी पहिली विद्यार्थिनी.

खोलीला बाहेरून जिना आहे, सतरा पायऱ्या. खाली पाय धुवायला नळ. वर टेबल, खाट, रस्त्यावर उघडणारी खिडकी. बास झालं. जयंतीचा फोटो आणला नाही. बार्शीच्या घरात बघावं तिकडे तीच आहे, म्हणून तर निघालो.

६ जून

कीर्तनाने माझं पुस्तक शोधून काढलं. जयंतीच्या आजारपणावर लिहिलेली माझी एकुलती एक कादंबरी. तीन वर्षं झाली जयू जाऊन, दोन वर्षं पुस्तकाला. शेवटच्या पानावर ती माझा हात धरून म्हणते, मी गेल्यावर चहा दोन कपच टाकत जा, एक कुणीतरी येईलच प्यायला. हे वाक्य लोकांनी डोक्यावर घेतलं. शोकसभेत वाचतात, चहाच्या दुकानात फ्रेम करून लावतात. अनोळखी माणसं हे वाक्य म्हणून माझ्या खांद्यावर रडली आहेत.

पण कीर्तनाच्या फोनवर होतं ते हे पुस्तक नव्हतंच. तो माझा कच्चा खर्डा होता! इस्पितळातल्या बाकावर बसून फोनवर लिहायचो आणि पानं हेरंबला पाठवायचो. हेरंब म्हणजे माझा पन्नास वर्षांपासूनचा मित्र. त्या शहाण्याने तो इंटरनेटवर चढवून दिला, वर लिहिलं की छापील पुस्तकापेक्षा हाच खरा. डोक्यात तिडीक गेली. पहिला राग आला तो ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांचा, हे कबूल करतो. कच्चा खर्डा लोकांनी वाचायचा म्हणजे पाहुण्यांनी थेट मोरीत डोकवायचं. दोनशे चौदा जणांनी डोकावलंय.

खर्ड्यात जयू मरत नाही. बरी होऊन घरी येते. तेव्हा मला दुसरं काही लिहिताच येत नव्हतं. नळावर पाय धुते, जिना चढते, खिडकीशी बसून मेथी निवडते. सबंध खर्डाभर ती पाठमोरी आहे. समोर पलंगावर जो चेहरा होता तो लिहवत नव्हता, आणि जुना आठवेना. म्हणून पहिल्याच पानावर कंसात टिपून ठेवलं होतं, चेहरा नंतर लिहीन. ते राहिलंच. खर्डाही अर्ध्या वाक्यावर तुटलाय.

९ जून

आज कामाक्षीबाईंनी वर दोन टंबलर कॉफी पाठवली. मी खाली जाऊन विचारलं, तर त्याच माझ्यावर रागावल्या. बायको येणार हे आधी का नाही सांगितलं म्हणे. काल चारला नळावर पाय धुताना दिसली, मोहरी रंगाचं लुगडं, पाठ इकडे. कुंकवाला हाक मारली तर वळली नाही, वर निघून गेली. सवाशीण बाई दारातून तशीच कशी जाऊ द्यायची, म्हणून त्यांनी कुंकवाची कोयरी आणि विड्याची पानं जिन्याच्या पायरीवर ठेवली होती.

मी सांगितलं की माझी बायको आता नाही. बाईंच्या तोंडून अय्यो निघालं, पदर तोंडाला गेला. शेजाऱ्यांकडची कुणी असेल म्हणाल्या. मीही हो म्हटलं.

मग जिन्याकडे पाहिलं. कालची असूनही ओली पावलं, खालपासून वरपर्यंत. डाव्या पायाची करंगळी उमटली नव्हती. जयूची करंगळी लहानपणापासून जमिनीला टेकत नसे. खर्ड्यात मी ते लिहिलं आहे.

दोन्ही कॉफ्या मीच प्यायलो.

१२ जून

जसं झालं तसं लिहितो.

कीर्तना आज घरून काम करत होती. दुपारी चारला ती आजोबांना खर्डा वाचून दाखवायला बसली, मोठ्याने, अक्षर लावत. मी वर पडलो होतो, सगळं ऐकू येत होतं. तिने नळाचं वाक्य वाचलं आणि खाली नळ सुटला. तिने पहिली पायरी वाचली आणि पहिल्या पायरीवर पाऊल वाजलं. मग ती ‘विश्रांती’ शब्दाला अडली. वि, श, शर, असं चाचपडत राहिली. पाऊल तसंच थांबलं. एकोजीरावांनी शब्द फोडून सांगितला, तिने म्हटला, आणि पाऊल पडलं.

दार लोटलं गेलं. ती आत आली, माझ्याकडे पाठ ठेवून खिडकीशी बसली. ओली वेणी. मेथीचा वास. मी जयू म्हणून हाक मारली, दोनदा, तीनदा. माझी हाक खर्ड्यात नाही, तिला कशी ऐकू जाणार? किती वाळू आहे या मेथीत, एवढंच म्हणाली, मी लिहिलंय तसं. उठली. दाराशी गेली. अहो, एक सांगू का, म्हणाली आणि थांबली.

खाली कीर्तना आजोबांना विचारत होती की पुढचं पान कुठे आहे.

पुढचं पान नाही. ती तशीच उभी. खांदा किंचित वळलेला, श्वास आत घेतलेला, सोडलेला नाही. कीर्तनाने फोन बंद करेपर्यंत, वीस मिनिटं.

एवढा रडलो नव्हतो मी ती गेली तेव्हाही.

१३ जून

हेरंबला फोन केला, काढून टाक म्हणून विनवलं. तो म्हणाला आता त्याच्या हातात काही नाही, लोकांनी उतरवून घेतलाय, ग्रुपाग्रुपांत फिरतोय. मग मी जाहीर पत्र लिहिलं. वाचकहो, तो खर्डा वाचू नका, तो रद्द आहे. तीस वर्षं शाळेत काढली, नको म्हटलेलं पोरं आधी करतात हे मला कळायला नको? संध्याकाळी आकडा नऊ हजारांवर.

१५ जून

नळ बंद होत नाही. कामाक्षीबाई बंद करतात, त्यांची पाठ वळली की सुटतो. जिन्यात तीन-तीन पावलं एकदम, जितके वाचणारे तितकी. खिडकीशी ती बसलेली, त्यातूनच उठणारी, त्यातूनच पुन्हा बसणारी. आणि दाराशी — सगळ्या दाराशी येऊन थांबतात. सगळ्यांचे श्वास आत. सोडत कुणीच नाही.

मला भीती वाटते. माझ्या जयूची! ती असती तर पोट धरून हसली असती.

एकोजीराव जिन्याच्या तळाशी उभे राहून बोलले. भूतबीत काही विचारलं नाही. मास्तर माणूस, त्यांनी एवढंच विचारलं की ते वाक्य अर्धं का राहिलं. मी आत निघून आलो.

१६ जून

त्याचं उत्तर आज देतो. कुणालाच सांगितलेलं नाही.

इस्पितळातल्या शेवटच्या दिवशी सव्वाचार वाजता जयूने डोळे उघडले. म्हणाली, अहो, एक सांगू का. माझ्या डोक्यात तेव्हा खर्ड्याचं एक वाक्य घोळत होतं, छान जमलेलं, ती बरी होऊन दाराशी उभी आहे असं. निसटेल म्हणून घाई झाली. मी म्हटलं, एक मिनिट हं, आलोच. बाहेर जाऊन बाकावर बसलो. ते वाक्य टिपलं, आणि तिचे शब्दही आयतेच मिळाले म्हणून पुढे जोडले — अहो, एक सांगू का. तेवढ्यात नर्स बाहेर आली.

तिला काय सांगायचं होतं ते मला माहीत नाही. पुस्तकातला तो हात, तो चहा, ते दोन कप, सगळं मी सहा महिन्यांनी टेबलाशी बसून रचलं. लोक फ्रेम करतात. मी सह्या करतो.

१७ जून

वाक्य पुरं करायला बसलो. तिच्या तोंडी घालून पाहिलं — औषधाचं, भावाच्या मुलीच्या लग्नाचं, माझ्या चष्म्याचं. बारा वेळा. प्रत्येक वेळी मोठ्याने वाचलं. ती हलली नाही. तेराव्यांदा चहाचंच लिहिलं, तर तिचा खांदा माझ्यापासून लांब वळला.

तिचं नव्हतंच ते. माझंच होतं सगळं.

१८ जून

जेवण दाराबाहेर तसंच. कीर्तना खालून रडत सांगत होती की तिने फोनमधून पुसून टाकलं. पोरी, तुझी काय चूक.

एक लक्षात आलं. मी पेन उचललं की सगळ्या ताठ होतात. मघाशी पाणी प्यायला पेन खाली ठेवलं, तर दाराशी — श्वास सुटल्यासारखा आवाज. अगदी थोडा. पुन्हा उचललं, गप्प.

वाक्यासाठी नाही थांबलेली ती.

मी एक मिनिट म्हटलं होतं. तीन वर्षं —

१९ जून

चार वाजले. वारा सुटला.

दाराशी आता एकच आहे. बाकीच्या सगळ्या तिच्यात — दिसत नाहीत. पायाशी कोयरी. वेणी खांद्यावरून सरकली. वळते आहे. आजवर इतकी कधी वळली नव्हती.

चेहरा मी लिहिलेला नाही. तिथे काय असेल — काहीच नसेल तर — बघायचं नाही. बघायचंय.

म्हणाली. अहो, एक सांगू का.

हो गं, एवढं वाक्य पुरं करतो, एक मि—

नाही. नाही, जयू. सांग. हे बघ, पेन ठेव