झाड नसलेल्या खड्ड्याचं पाणी

इंदिरानगर, बंगळूर
८ एप्रिल २०२४

ति. त्रिविक्रमअण्णास,
सौम्याचा सा. न. वि. वि.

फोनवर तू नुसता हुंकार देतोस, म्हणून पत्र. सासूबाईंची काळजी वाटते. सकाळी मडीत, म्हणजे आपल्या सोवळ्यात, ओलेत्यानं, स्वयंपाक करताना ग्राइंडरला हात लावला की मुंग्या चावतात म्हणाल्या. मी लावला, श्रीहर्षनं लावला, काही नाही. शिवाय परसातल्या झाकणाखालच्या खड्ड्यात, जिथं एक झाड नाही, त्या रोज कळशीभर पाणी ओतायच्या. का, तर मामंजी तसं सांगून गेलेत म्हणे. इथं आम्ही टँकरची वाट बघतो आणि हे! महिन्यापूर्वी मी ते बंद केलं. मुंग्या त्यानंतरच्या. शनिवारी त्यांना मेंदूच्या डॉक्टरांकडे नेतोय. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात तू तीस वर्षं वीज सांभाळलीस; ग्राइंडरला खरंच काही झालं असेल का?

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो उन्हाळ्यात आटू देऊ नकोस.

तुझी,
सौम्या

धारवाड
१० एप्रिल

चि. सौ. सौम्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचताच फोन करून ग्राइंडरचा प्लग काढायला लावला, तेव्हा 'पण का?' असं तू चारदा विचारलंस. लहानपणची खोड! तर ऐक. तुम्ही दोघं नवराबायको घरात रबरी चपला घालता. तुझ्या सासूबाई, वसुमतीबाई, मडीत अनवाणी, त्यातून ओल्या. ग्राइंडरमधून वीज गळतेय. चपला तिला अडवतात, ओले पाय वाट देतात. खरं तर तिनं अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जायला हवं. ती तार उतरते तुझ्या त्या झाड नसलेल्या खड्ड्यात, आणि माती ओली असली तरच तिचा उपयोग. तुझ्या सासऱ्यांना, हयवदनरावांना, हे ठाऊक होतं. अक्कल पाजळलीस ती तू!

खड्ड्यात पाणी घाल, पण त्यावर विसंबू नकोस. जाणता इलेक्ट्रिशियन बोलव, गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवून घे. आणि स्वतः अनवाणी हात लावून बघू नकोस. तुला ओळखतो मी.

रागावलो तरी माया कमी नाही, हे लक्षात असू दे.

तुझा,
अण्णा

इंदिरानगर, बंगळूर
१४ एप्रिल

ति. अण्णास,
सा. न. वि. वि.

शिवकुमार नावाचे इलेक्ट्रिशियन आले. खड्डा खडखडीत कोरडा. ग्राइंडरला मीटर लावला आणि त्यांचा चेहराच उतरला; अम्मा वाचल्या हे नशीब, म्हणाले. स्विच बसला, ग्राइंडर दुरुस्तीला गेला. डॉक्टरांकडे गेलो नाही.

मी सासूबाईंपुढे कान धरले. त्या 'सरी, बिडु', बरं, सोड आता, म्हणून हसल्या. पण माझी खोड कुठं जाते! प्लग काढण्याआधीचे पंधरा दिवस त्यांनी तक्रार केली नव्हती, म्हणून विचारलं, मुंग्या थांबल्या होत्या का? तर नाही, रोज चावत होत्या. मग बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, तुम्ही शिकलेली माणसं हात लावून काही नाही म्हणालात, तेव्हा आपलंच डोकं फिरलंय असं त्यांनाही वाटायला लागलं. खात्री करायला म्हणून त्या रोज सकाळी मुद्दाम पुन्हा हात लावून बघत होत्या.

अण्णा, पत्रातलं रागावणं पुरलं नाही. समोर बसून रागवायला तरी ये.

तुझी,
सौम्या