उराशी धरलेलं बाळ

आई, तुझी नात आता भिंतीला धरून उभी राहते. तिच्या बरोबरीची पोरं कधीच चालायला लागली, पण उमरग्याच्या डॉक्टरबाई म्हणतात, हिचं वय जन्मल्या दिवसापासून मोजायचं नाही; ज्या दिवशी ती यायला हवी होती, तिथपासून मोजायचं. ती सातव्या महिन्यातच आली. तू असतीस तर हे सगळ्यात आधी तुला कळवायला हवं होतं, आणि बहुतेक मी कळवलं नसतं. का, तेच सांगायला बसलेय.

तुलाही मुलगा सातव्यातच झाला होता. जळकोटच्या घरात, मधल्या खोलीत. मी तेव्हा नुकतीच शाळेत जायला लागले होते. माझा भाऊ कापसात गुंडाळून सुपात ठेवलेला असायचा. त्याला कुणी हात लावायचा नाही, लई नाजूक हाय, हाताळलं की जाईल, असं थोरल्या काकूनं सगळ्यांना बजावलं होतं. त्या दुपारी काकू शेतात गेली. तू उठलीस, त्याला सुपातून उचललंस, पोलक्याची बटणं काढून उघड्या छातीशी धरलंस आणि वरून पदर घेतलास. मी दारात उभी आहे. तू ओठावर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगतेस. तो दिवसभर मांजराच्या पिलासारखा बारीक आवाजात कण्हत होता, तो थांबतो. काकू परत आली तरी तुला कळलं नाही, इतकी तू त्याच्याकडं बघत होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. काकू सगळ्यांसमोर म्हणाली, "उराशी धरून गुदमरवलंस लेकराला." आण्णांनी नवरा म्हणून तुझी बाजू घेतली नाही. पुढं आमच्या घरात ती एक माहीत असलेली गोष्ट झाली, कुठल्या विहिरीचं पाणी गोड आहे हे जसं सगळ्यांना माहीत असतं तशी.

माझं बीपी वाढलं आणि उमरग्याला ऑपरेशन करून हिला काढावं लागलं. काचेच्या पेटीत ठेवली होती. उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून सिस्टर पेटीवर चादर टाकायच्या. हिचा श्वास जरा सुरळीत झाल्यावर त्या म्हणाल्या, आता बाळाला उघड्या छातीशी घ्या, आईच्या अंगाची ऊब लागली की श्वास नीट चालतो, वजन भरतं, तुम्हाला दूधही येईल. मी नको म्हणाले. त्यांनी परत समजावलं. मी मान फिरवली. मुलगी झाली म्हणून मी असं करतेय असं त्यांना वाटलं असावं, आणि मी ते तसंच वाटू दिलं. खरं कारण तोंडातून निघेना.

मग ह्यांना बोलावलं. ह्यांचं हायवेवर टायरचं दुकान आहे. कोपरापर्यंत साबण लावून लावून हात धुतले, नखातलं काळं जाईना, तेव्हा सिस्टरनं नखं मुळापासून कापायला लावली. शर्ट काढून हे खुर्चीत टेकून बसले. टोपी आणि लंगोट एवढ्यावर असलेल्या हिला सिस्टरनं त्यांच्या छातीवर ठेवलं, मान एका बाजूला वळवून नाक मोकळं राहील असं बघितलं आणि वरून कापड बांधलं. बोला तिच्याशी हळू आवाजात, म्हणाल्या. मग बाहेर हॉर्न वाजेल तसतसं हे तिला सांगायला लागले, हा टँकर, ही साखरेची गाडी, ही हैदराबादची बस. मी फक्त तिची पाठ बघत होते, हलतेय की नाही. हलत होती. तिचा चेहरा गुलाबी झाला होता, आणि झोपेत ती मूठ उघडत होती. हे म्हणाले, "घे की तू पण. काय होत न्हाय." मला रडू फुटलं, आणि डॉक्टरबाई आल्या तेव्हा मी त्यांना सुपातल्या बाळाचं सगळं सांगून टाकलं.

त्या माझ्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, "त्याची फुफ्फुसं तयार झाली नसणार. तुमच्या आईनं धरलं म्हणून तो गेला न्हाय. तेवढा वेळ तरी त्याला बरं वाटलं असंल."

मग मी हिला घेतलं. पुढं सगळं जसं सांगितलं तसं केलं. दूध काढून बोंडल्यानं पाजलं, ओढायला शिकेपर्यंत. घरात येणाऱ्याला आधी हात धुवायला लावले, कोण रागावलं तरी. बोलता बोलता तिनं तोंड फिरवलं, बोटं ताणली, की तिला आता पुरे झालंय हे ओळखून गप्प बसायला शिकले. डोळे, कान वेळच्या वेळी तपासून आणले. शेजारणी मला म्हणतात, "तू होतीस म्हणून लेकरू वाचलं." मला ते ऐकवत नाही. यातलं पहिलं काम, उराशी धरायचं, तू कुणी न सांगता केलं होतंस, आणि त्याची बोलणी जन्मभर खाल्लीस. डॉक्टरबाईंचं वाक्य तुला ऐकवायला मी उशीर केला असंही नाही, ते मलाच इतक्या उशिरा कळलं. पण तुला एकदा विचारायला मला काय झालं होतं?

एक राहिलंय. काकूच्या नातवाचं बारसं होतं, मी कॉलेजात होते. तू नेहमीसारखी भिंतीकडं बसलेली. सुनेच्या माहेरच्या कुणा बाईला आपल्या घरातलं काही माहीत नव्हतं, तिनं बाळ तुझ्या मांडीवर ठेवलं. तू खाली बघितलंस आणि हळूच त्याच्या डोक्यावर हात ठेवलास. मी सगळ्या बायकांमधून वाट काढत आले. बाळ रडतंय, आण मी घेते, म्हणाले, आणि उचललं. तू पदर सारखा केलास.

आई, ते रडत नव्हतं.