कॉलिन सॉरी म्हणाला तेव्हा

रविवार, ९ ऑगस्ट, वॉलॉंगॉंग, ऑस्ट्रेलिया

स्वतःचीच चीड येतेय.

लेकीला, ईराला, शाळेत प्रोजेक्ट आहे: ब्रिटिशांनी वसाहती का केल्या आणि का सोडल्या. तिला बोलायला खराखुरा इंग्रज हवा होता, म्हणून शेजारच्या कॉलिनला जेवायला बोलावलं. ऐंशीचा आहे, जन्म लीड्सचा. मी मनात भाषण तयार ठेवलं होतं. कापूस, मीठ, दुष्काळ, सगळं. मिसळही मुद्दाम झणझणीत केली.

ईराने विचारलं, "तुम्ही लोक गेलातच कशाला?"

"फायद्यासाठी," तो नाक पुसत म्हणाला. "स्वस्तात माल घ्यायचा, महाग विकायचा. सुधारणा वगैरे नंतर चिकटवलेलं."

"मग सोडलं का?"

"महायुद्धात खिसा रिकामा झाला. आणि तिथले लोक काही केल्या ऐकेनात."

माझे सगळे मुद्दे यानेच सांगून टाकले! आता भाषण कुठे करू? वर डोळ्यांतून धारा वाहत असताना आणखी मिसळ मागितली.

मग चमचा खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "आय ॲम सॉरी. त्या सगळ्याबद्दल."

आणि मी? वॉर्डमध्ये दिवसभर पेशंटना म्हणते तेच तोंडातून गेलं. "नो वरीज, कॉलिन."

नो वरीज! हे काय बोलले मी?

ईराने लगेच ते प्रोजेक्टमध्ये टाइप केलं आणि मला विचारलं, "मम्मा, यू फर्गेव्ह देम? फॉर द होल कंट्री?"

आईचे वडील याच लोकांविरुद्ध लढून येरवड्याच्या तुरुंगात राहून आले. उद्या आईचा व्हिडिओ कॉल येईल, तेव्हा ईराला आधीच आंघोळीला पाठवलं पाहिजे.